पितळेच्या जोडाची आसारी

इंदिरानगर, नाशिक
२२ डिसेंबर, रविवार

प्रिय शामू,

तुझ्या ताईचा आशीर्वाद आणि एक धपाटा, दोन्ही याच पाकिटातून पाठवते आहे. आधी कुठला घ्यायचा ते तू ठरव. फोन का नाही केला असं विचारशील. फोनवर तू ‘हं’, ‘बरं’, ‘ठेवतो’ एवढ्या तीन शब्दांत मला वाटेला लावतोस, आणि मोबाइलवर चार ओळी पाठवल्या तर उलट जोडलेल्या हातांचं चित्र येतं. पत्र मात्र मध्येच तोडता येत नाही. शिवाय चौतीस वर्षं मी पोस्टात बसून लोकांची पत्रं मार्गी लावली, निवृत्त झाल्यावर खात्याला स्वतःचं एक तरी गिऱ्हाईक द्यावं की नाही? तेव्हा चहा घेऊन बस. पत्र लांब आहे आणि त्यातला बराचसा मजकूर लोखंडाबद्दल आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. मी तुला संक्रांतीला बोलवायला हे लिहीत नाहीये. दिवाळीनंतर संपदाचा फोन आला होता. सून तुझी असली तरी बातम्या मला देते, त्यावरून तिला रागावू नकोस. म्हणाली, बाबांनी माळ्यावरची पतंगाच्या दोऱ्याची आसारी काढली, पतंग काढले, सगळं शेजारच्या घरी देऊन टाकलं, आणि ‘एका हाताने कुठे पतंग उडतो, संपलं ते’ असं म्हणून मागच्या खोलीत जाऊन बसले. आत्याकडे नाशिकला जाऊ या का, असं आल्हादने विचारलं तर तुझं उत्तर आलं, की गच्चीवर खुर्ची टाकून दुसऱ्यांचे पतंग बघायला मी काय पाहुणा आहे? गेल्या वर्षीच्या झटक्यापासून तुझा डावा हात रुसलाय, हे मला माहीत आहे. डॉक्टर म्हणतात व्यायाम करा, तू म्हणतोस कशाला. तेव्हा मी संपदाला ‘बरं’ एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. त्या विषयावर मी बोलणार नाही. मी माझ्या नव्या छंदाबद्दल सांगणार आहे. शामू, मी एक आसारी केली. लोखंडाची. विकत नाही आणली, या दोन हातांनी केली.

बांबूची आसारी मिळत असताना हा उपद्व्याप कशाला, असं तुझ्या मनात आलंच असेल. पण आपल्या येवल्याची आसारी म्हणजे दोघांचा संसार. एकाने पतंग उडवायचा आणि दुसऱ्याने दोऱ्याची ती आसारी दोन टोकांना दोन हातांनी धरून मागे उभं राहायचं. इथली मुलं तिला चक्री म्हणतात, ते ऐकून मला अजून कसंसं होतं. तर मी पडले एकटी राहणारी. माझी आसारी धरायला गच्चीवर कोण येणार? म्हणून मला हवी होती अशी आसारी, की जिला दांडी एकाच बाजूला असेल. खुर्चीच्या हातावर एक नळीचा तुकडा बसवायचा, त्यात दांडी खोचायची, झालं. दोरा सोडताना ती आपली आपण फिरावी आणि गुंडाळताना जात्याला असतो तसा खुंटा धरून एका हाताने गरगर फिरवता यावी. चित्र काढलं. मधोमध सायकलच्या पुढच्या चाकाचा हब, कारण त्यात छर्रे असतात आणि तो बोट लावलं तरी फिरतो. त्याच्या दोन्ही अंगांना सळईची एकेक कडी, कडी आणि हब यांच्यामध्ये तीन-तीन आऱ्या, आणि दोन्ही कड्यांना सांधणाऱ्या सहा आडव्या सळया, ज्यांच्यावर दोरा बसणार. एकूण सत्तावीस जोड. कागदावर काम झकास दिसत होतं. हे सत्तावीस जोड करायचे कशाने, एवढाच प्रश्न उरला होता.

त्याचा मी अभ्यास केला, म्हणजे मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. नवशिक्याने सोल्डरिंगपासून सुरुवात करावी, असं एक गोड बोलणारा माणूस सांगत होता. मला लगेच पटलं, कारण त्याला मोठी आग लागत नाही आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर काम होतं. सोल्डरिंग आयर्न आणलं, कथलाची तार आणली. पहिल्या दिवशी कथील छान वितळलं, चमकलं, आणि सळईवरून घरंगळत मिक्सरच्या मागे गेलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मग दुकानदाराने सांगितलं, की लोखंड आधी पॉलिश पेपरने लख्ख घासायचं आणि त्यावर एक वेगळं पाणी लावायचं, त्याशिवाय कथील लोखंडाला भीक घालत नाही. तसं केल्यावर धरलं. आठवड्याभरात सत्तावीस जोड झाले. मी इतकी हुरळले की संपदाला फोटो पाठवणार होते, पण तो तुझ्यापर्यंत पोचला असता म्हणून हात आवरला. पाच रिळं दोरा चांगला ताणून तिच्यावर गुंडाळला आणि आसारी टेबलावर ठेवून पोळ्या करायला गेले. तिसऱ्या पोळीला बाहेर टक् असा आवाज झाला. पाचवीला आणखी एक. जाऊन बघते तर आडव्या सळया पोटात गेलेल्या आणि आसारीची वाळकी भेंडी झालेली. दोऱ्याचा एक वेढा मुंगीएवढा ओढतो, पण हजार वेढे मिळून लोखंडाला आवळतात, हे मला त्या दिवशी कळलं. तारा जोडायला किंवा डब्याची चीर बुजवायला कथील ठीक. सतत ताण असेल तिथे ते बिचारं थकतं.

मग मी रिबेटकडे वळले, कढईच्या कानाला असतात तसे. पट्टी पट्टीवर ठेवून जोडायची असती तर त्याच्याइतकं सोपं काही नाही. माझी सळई गोल आणि चार मिलिमीटरची. तिला भोक पाडल्यावर उरणार काय, आणि रिबेटचं डोकं वर राहिलं की त्यात दोरा अडकणार. एक भोक पाडायचा प्रयत्न केला, ड्रिल घसरलं आणि माझ्या जेवणाच्या टेबलाला कायमची खूण झाली. आलास कधी तर दाखवीन. शेवटी आमच्या मागच्या रस्त्यावरच्या ग्रिलवाल्याकडे गेले. वेल्डिंग म्हणजे पाच मिनिटांचं काम, असं तो म्हणाला. त्याने डोळ्यांसमोर काळी काच धरली, मला म्हणाला, ‘मावशी, तिकडे तोंड करा’, चर्र झालं आणि सळई मधूनच गायब. ‘बारीक आहे मावशी, जळून गेली. खिडकीची जाळी आणा, एका दिवसात देतो करून.’ दुसरा जोड बसला, पण त्याच्या आजूबाजूला फोडणीतली मोहरी उडावी तसे लोखंडाचे दाणे उडून चिकटले होते. त्यांच्यावरून साधा सुती दोरा फिरवून पाहिला तर तिसऱ्या फेरीला तुटला. नायलॉनचा मांजा मी घरात येऊ देत नाही, त्याने पक्षी मरतात आणि माणसंही. तेव्हा तो टिकला असता की नाही हे विचारू नकोस.

पण जाता जाता त्या ग्रिलवाल्यानेच मला देवरामभाऊंचा पत्ता दिला. द्वारकेच्या चौकातून पुढे, ट्रकच्या स्पेअर पार्टची दुकानं आहेत त्यांच्या मागे त्यांची पत्र्याची शेड आहे. सायकलच्या तुटलेल्या फ्रेमी आणि फ्रीजच्या नळ्या गॅसच्या ज्योतीने जोडायचं काम ते पस्तीस वर्षं करताहेत. माणूस पेठकडचा. तरुणपणी भाताची कापणी झाली की द्राक्षाच्या बागांत मजुरीला यायचे, तिथून कुणाच्या तरी हाताखाली गॅसचं काम शिकले आणि इथलेच झाले. त्यांनी माझी आसारी उलटीसुलटी करून पाहिली, खिशातून चष्मा काढून पुन्हा पाहिली आणि म्हणाले, ‘बाई, कथलाला ताकद नाय आन् वेल्डिंगला लय ताकद. तुमच्या कामाला पितळ पायजे.’ मग म्हणाले ठेवून जा, दोन तासांत करून देतो. मी म्हटलं, करून नको, शिकवा. त्यावर ते जे हसायला लागले ते थांबेचनात. पोस्टातली बाई आणि गॅसची ज्योत, म्हणे. त्यांची बायको भागीबाई तिथेच खाली बसून कानस चालवत होती. ती मान वर न करता म्हणाली, ‘शिकूंद्या की. तुमी काय आईच्या पोटातून शिकून आलता?’ माझा प्रवेश असा झाला. तेव्हापासून तिथे मला ‘पोस्टाच्या बाई’ हेच नाव आहे.

आता पितळेचा जोड काय असतो ते सांगते, म्हणजे मी किती मोठा मूर्खपणा केला ते कळेल. यात सळई वितळतच नाही. ती लाल होईपर्यंत नुसती तापवायची, जोडावर सुहागा लावायचा, म्हणजे आपला टाकणखार, आणि मग पितळेची कांडी त्या तापलेल्या जागेला टेकवायची. सळईच्या धगीने पितळ वितळतं आणि दोन तुकड्यांमधल्या फटीत आपणहून शिरतं. फट कागदाच्या जाडीची हवी, त्याहून मोठी नको. जोड गुळगुळीत होतो आणि दोऱ्याला इजा होत नाही. आता आठव, मी पोस्टात काय करायचे. निम्मी नोकरी मी टपालाच्या थैल्यांना लाखेची सीलं लावली. लाखेची कांडी ज्योतीत धरायची, थेंब सुतळीच्या गाठीवर पाडायचा, वर पितळी शिक्का दाबायचा. हाताला ते वळण इतकं बसलंय, की मी पितळेची कांडी ज्योतीत धरली, थेंब जोडावर टपकवला आणि शिक्का मारायला दुसरा हात पुढे केला. देवरामभाऊंनी मनगट धरून मागे ओढलं म्हणून आज हे पत्र लिहिते आहे. गार झाल्यावर तो थेंब शर्टाच्या बटणासारखा टपकन निघून आला. खालचं लोखंड थंडच होतं, पितळ त्याला धरणार कसं? ‘कांडीला नका तापवू बाई, कामाला तापवा. कांडी येतीच मागून,’ असं ते मला दिवसातून दहा वेळा सांगत आणि मी अकराव्या वेळी पुन्हा थेंब पाडी. कळतं पण वळत नाही म्हणतात ते हेच. भागीबाईने माझी ती बटणं एका डबीत साठवली होती. एकूण एकोणीस भरली. तुमच्या नातवाच्या अंगरख्याला होतील म्हणाली. मला नातू नाही हे कळल्यावर म्हणाली, मग भावाच्या नातवाला होतील. मी म्हटलं त्यालाही अजून नाही, तर म्हणाली, ठेवा तोवर. आल्हाद आणि संपदाने याची नोंद घ्यावी.

चौथ्या दिवशी मी उजव्या हातातली कांडी पाठीमागे लपवूनच ठेवली. डाव्या हातात ज्योत, ती जोडाभोवती सावकाश फिरवत राहिले. सळई आधी काळी, मग जांभळट, मग गाजरासारखी लाल झाली. सुहागा काचेसारखा पातळ होऊन पसरला. देवरामभाऊ म्हणाले, ‘आता.’ मी कांडी पुढे आणली, नुसती टेकवली, आणि पितळ एका क्षणात आत ओढलं गेलं, दुसऱ्या बाजूने त्याची पिवळी रेघ बाहेर आली. शामू, बढतीचा कागद हातात आला तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. मी ज्योत हातात घेऊन हसत उभी होते आणि भागीबाई ओरडत होती, आदी गॅस बंद करा. त्या दिवशी तीन जोड केले. हबचं काम सर्वांत किचकट निघालं. त्यातले छर्रे आणि ग्रीस आधी काढून ठेवावं लागतं आणि वरचा चकचकीत मुलामा कानशीने घासून टाकावा लागतो, नाहीतर त्याचा धूर छातीत बसतो. छर्रे वाटीत मोजून ठेवले होते, त्यातला एक घरंगळला तो आम्ही तिघांनी अर्धा तास शोधला आणि माझ्या चपलेत सापडला. पंधरा दिवस मी रोज सकाळी दहाच्या बसने द्वारकेला जात होते, डब्यात माझी भाजी आणि भागीबाईची नागलीची भाकरी असा एकत्र संसार चालला होता. सत्ताविसावा जोड खुंट्याचा. तो मी एकटीने केला, देवरामभाऊ मुद्दाम बाहेर चहा प्यायला गेले होते.

आसारी होऊन आज आठ दिवस झाले. तिच्यावर आठ रिळं दोरा ताणून गुंडाळलाय आणि ती टेबलावर त्या ड्रिलच्या खुणेशेजारीच ठेवली आहे. पोळ्या लाटताना माझा एक कान तिकडे असतो, पण एकदाही टक् झालेलं नाही. दरम्यान सोसायटीत माझं एक छोटं भांडणही होऊन गेलं. आमची लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंतच जाते. पुढे गच्चीला चौदा पायऱ्या आहेत आणि त्यांना कठडा एकाच बाजूला, म्हणजे चढताना उजव्या हाताला. उतरताना तो डाव्या हाताला येतो. मी मीटिंगमध्ये म्हटलं, दुसऱ्या बाजूलाही कठडा हवा. सेक्रेटरी म्हणाले, काकू, आजपर्यंत कुणी मागितला नाही. मी म्हटलं, आजपर्यंत माझे गुडघे बोलत नव्हते. माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय, पण मीटिंगमध्ये वैद्यकीय दाखला कोण मागतो? कठडा मागच्या गुरुवारी बसला. तिथे मात्र मी वेल्डिंगच करून घेतलं, त्या ग्रिलवाल्याकडूनच, म्हणजे त्यालाही बरं वाटलं. जाड पाइप, जाड पट्ट्या, माणसाचं सगळं वजन पेलायचं, तिथे माझी नाजूक कांडी काय कामाची? मी आणि भागीबाई दोघी मिळून त्या कठड्याला लोंबकळून पाहिलं. हललासुद्धा नाही. त्याच दिवशी ती माझं घर बघायला आली होती, आणि आसारी फिरवून बघता बघता तिने मला एक प्रश्न विचारला. ‘पोस्टाच्या बाई, तुमच्या दोन हातातला एक पतंगाला लागंल, दुसरा बी पतंगालाच लागंल. मंग ह्यो खुंटा फिरवायचा कुनी?’

आता खरं सांगते. भागीबाईने पकडलं ते तूही कधीच पकडलं असशील. पतंग उडवणाऱ्याला दोन्ही हात पतंगालाच लागतात, एकटीला आसारी उपयोगाची नाही, हे येवल्याच्या बाईला समजत नाही असं थोडंच आहे. नळी मी खुर्चीच्या उजव्या हाताला बसवली आहे. माझा डावा हात पदराने कमरेला घट्ट बांधून, त्या खुर्चीत बसून, मी आठही रिळं एकट्या उजव्या हाताने गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. खुंटा दोनदा बदलला, कारण पहिला तुझ्या तळहाताला लहान पडला असता. पण लगेच डोळ्यांत पाणी आणून ‘ताईने माझ्यासाठी केवढं केलं’ असं म्हणू नकोस, कारण पतंग तुला मिळणार नाहीये. पतंग मी उडवणार आहे. तू खुर्चीत बसून आसारी धरायचीस. येवल्याच्या गच्चीवर तू नोकरीला लागेपर्यंत पंधरा वर्षं मी तुझी आसारी धरली. भोगी, संक्रांत आणि कर, तिन्ही दिवस, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. आणि एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही, कारण ती सांगण्यासारखी आहे असं मलाही वाटलं नव्हतं. त्या पंधरा वर्षांत मी तुझा पतंग कधी पाहिलाच नाही. आसारी धरणाऱ्याने दोऱ्याकडे बघायचं असतं. तू सहावीत असताना मी एकदाच मान वर केली, दोरा गुंतला, तुझा पतंग कटला आणि तू दोन दिवस जेवला नाहीस. त्यानंतर मी मान वर केली नाही. आपला पतंग कुठे आहे, केवढा दिसतो, दुसऱ्याचा कसा कापला, हे सगळं मला तुझ्या ‘वकाट’ ओरडण्यावरून कळायचं. म्हणून त्रेसष्टाव्या वर्षी मला पतंग उडवता येत नाही, अजिबात येत नाही, आणि शिकवणारा दुसरा कुणी मला नको आहे. ढील कधी द्यायची आणि ओढायचं कधी, हे सांगायला हात लागत नाही, तोंड लागतं, आणि ते शाबूत असल्याची संपदाची खात्रीलायक बातमी आहे. आल्हादला मी कळवलं आहे, तो भोगीच्या सकाळी तुला गाडीने आणून सोडेल. नाही म्हणायचं असेल तर फोनवर ‘हं’ करून चालणार नाही, पत्राने कळवावं लागेल, आणि त्यात कारण लिहावं लागेल. हात दुखतो हे कारण चालणार नाही, खुर्ची तयार आहे. ये रे. तू दोऱ्याकडे बघ, मला एकदा वर बघू दे.

तुझीच, मान खाली घालून थकलेली,
ताई